तेल न खाणारा, पोलाद पोखरणारा

तेलविहिरीतून नुसते तेल कधीच वर येत नाही. त्याच्याबरोबर वायू येतो आणि पाणी येते. विहीर जुनी होत जाते तसे पाणी वाढत जाते, आणि कित्येक जुन्या विहिरींत वर येणाऱ्या द्रवात तेल थोडे नि पाणीच फार अशी अवस्था असते. हे पाणी खारट असते, कोमट किंवा कढत असते, त्यात असेटेटसारखी सेंद्रिय आम्ले विरघळलेली असतात आणि ऑक्सिजन जवळजवळ नसतो. अशा पाण्यात जगणाऱ्या जीवाणूंना विनॉक्सी म्हणतात. त्यांतल्या कडक विनॉक्सींना ऑक्सिजन नुसता नको असतो असे नाही, तो त्यांना मारतो.

तेलक्षेत्रातल्या पाण्यात जीवाणू असतात ही गोष्ट एका भूवैज्ञानिकाच्या ध्यानात आली. शिकागो विद्यापीठातल्या एडसन बॅस्टिन यांना तेलाबरोबर येणाऱ्या पाण्याची एक खोड दिसली होती. जिथे सल्फेट असायला हवे तिथे ते नसे आणि त्याच्या जागी सडक्या अंड्याचा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड असे. सल्फेटचे सल्फाइड करणारा सूक्ष्मजीव हॉलंडच्या बायेरिंक यांनी १८९५ मध्येच वेगळा केला होता. बॅस्टिन यांनी सहकारी फ्रँक ग्रीअर यांच्या मदतीने तेलविहिरींच्या पाण्यातून तसलेच जीवाणू वाढवून दाखवले आणि १९२६ मध्ये ते जाहीर केले. त्यावर घेतला गेलेला आक्षेप आजही प्रत्येक नव्या शोधावर घेतला जातो: हे जीवाणू खालच्या खडकातले कशावरून? खोदकामाच्या चिखलातून, वरून ढकललेल्या पाण्यातून किंवा नळ्यांच्या आतल्या शेवाळट थरातून ते आलेले नसतील कशावरून?

या आक्षेपाला पुरते उत्तर देणे अवघड असले तरी एक मर्यादा ठाऊक आहे. साठ्याचे तापमान ८० ते ९० अंश सेल्सियसच्या वर गेले की तेलाची जैविक झीज सहसा दिसत नाही. एकदा एवढे तापलेले साठे पुढे थंड झाले तरी पुष्कळदा निर्जंतुकच राहिलेले दिसतात. त्याखालच्या तापमानाच्या साठ्यांत मात्र जीवसृष्टीला भरपूर वाव आहे.

तेल कंपन्यांना या सृष्टीची फिकीर पडते ती नळ्या गंजतात तेव्हा. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात पोलाद खरे तर सावकाश गंजायला हवे. पण हॉलंडमध्ये जमिनीत पुरलेले बिडाचे नळ ऑक्सिजनशिवायही खाल्ले जातात, हे फोन वोल्झोगेन क्यूर आणि व्हान डर व्ल्युख्ट यांनी १९३४ मध्ये दाखवले आणि त्याचे खापर सल्फेटवर जगणाऱ्या जीवाणूंवर फोडले. तेव्हापासून या उद्योगात गंज आणि सल्फेटवाले जीवाणू ही जोडी पक्की झाली. त्यांच्या शोधासाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ‘आरपी-३८’ नावाची शिफारस काढली आणि ती जगभर वापरली गेली. पद्धत सुटसुटीत आहे. लॅक्टेट, सल्फेट आणि लोह असलेले पोषक द्रावण बंद बाटल्यांत भरायचे, त्यात विहिरीचे पाणी दहा-दहा पटींनी पातळ करत टोचायचे आणि चार आठवडे वाट पाहायची. द्रावण काळे पडले की जीवाणू आहेत. ते काळे दिसते लोहाच्या सल्फाइडमुळे. कुठल्याही तेलफलाटावरच्या तंत्रज्ञाला जमावी अशी ही चाचणी आहे. तिची गोम अशी की लॅक्टेट न खाणारा आणि सल्फेट न वापरणारा जीवाणू तिच्या बाटलीत उपाशी मरतो, आणि अहवालात तो ‘नाही’ म्हणून नोंदला जातो.

आफ्रिकेतल्या काँगोच्या, म्हणजे ब्राझाव्हिलच्या काँगोच्या, किनाऱ्याबाहेरील समुद्रात एल्फ या फ्रेंच कंपनीच्या तेलविहिरी होत्या. त्यांतल्या एका गंजत चाललेल्या विहिरीच्या पाण्यातून फ्रान्समधल्या सानोफी संशोधन केंद्रातले मिशेल मागो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक जीवाणू वेगळा केला आणि त्याला एसईबीआर ४२०७ असा क्रमांक दिला. या कामात एल्फचे गंजतज्ज्ञ जाँ-लुई क्रोले, मार्सेय इथले बर्नार ऑलिव्हिए आणि जाँ-लुई गार्सिया, तसेच ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाचे भरत पटेल यांचा सहभाग होता. जीवाणूचे संपूर्ण वर्णन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. नवा विनॉक्सी जीवाणू सापडला असे म्हणण्याआधी काय काय करावे लागते, ते या एका जीवाणूवरून चांगले कळते.

पहिली अडचण त्याला जिवंत ठेवण्याची. हवेचा एक बुडबुडादेखील कडक विनॉक्सींच्या नमुन्याचा घात करू शकतो. त्यावरचा तोडगा अमेरिकेतल्या रॉबर्ट हंगेट यांनी गुरांच्या पोटातले जीवाणू वाढवता वाढवता शोधला होता, आणि त्यांच्या नावाची नळी आजही वापरात आहे. पोषक द्रावण आधी उकळतात म्हणजे त्यातली विरघळलेली हवा निघून जाते. मग नायट्रोजनचा झोत सोडत ते थंड करतात. सिलिंडरमधल्या नायट्रोजनमध्येही ऑक्सिजनचा लवलेश असतो, म्हणून तो तापवलेल्या तांब्याच्या चुऱ्यावरून नेतात. तांबे उरलासुरला ऑक्सिजन शोषून काळे पडते. द्रावणात रेझाझुरिन नावाचा रंग थेंबभर घातलेला असतो. ऑक्सिजन आहे तोवर द्रावण गुलाबी दिसते. सिस्टीन आणि सोडियम सल्फाइड मिसळल्यावर गुलाबी छटा फिकी होत होत नाहीशी होते, आणि द्रावण रंगहीन झाले की काम सुरू करायला हरकत नाही. नळीच्या तोंडावर ब्युटाइल रबराचे जाड बूच आणि त्यावर दाबून बसवलेली ॲल्युमिनियमची टोपी. पुढचे सगळे व्यवहार बुचातून सुई खुपसून होतात, आणि दर वेळी इंजेक्शनची पिचकारी आधी नायट्रोजनने धुऊन घ्यावी लागते. प्रयोगशाळेत नवा आलेला विद्यार्थी पहिले काही आठवडे बहुधा गुलाबी झालेल्या नळ्याच मोजतो.

नमुन्यात एकच जीवाणू कधीच नसतो. विहिरीच्या पाण्यात अनेक जाती एकमेकींच्या उष्ट्यावर जगत असतात आणि त्यांतून एक निवडायची असते. त्यासाठी वितळलेल्या अगारमध्ये नमुना पातळ करत नेतात आणि नळी बर्फाच्या पाण्यात आडवी धरून गरगर फिरवतात. अगारचा पातळ थर आतल्या भिंतीला चिकटतो आणि काही दिवसांनी त्यात सुट्या सुट्या वसाहती टिपक्यांसारख्या उमटतात. त्यांतली एक वसाहत बारीक ओढलेल्या काचनळीने उचलायची, पुन्हा पातळ करायची, पुन्हा फिरवायची. सगळ्या वसाहती एकसारख्या दिसू लागल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकाच घडणीच्या पेशी दिसल्या की संवर्ध शुद्ध झाला असे धरतात. विनॉक्सींच्या बाबतीत या टप्प्यावर घाई अंगाशी येते. दोन जीवाणू एकमेकांवाचून वाढत नसतील तर ते जोडीनेच वसाहत करतात, आणि पुढची सगळी मोजमापे कुणा एकाची नव्हे तर त्या जोडीच्या संसाराची निघतात.

शुद्ध झाल्यावर ४२०७ चे रूप पाहिले गेले. पेशी स्वल्पविरामासारख्या वाकड्या, ३ ते ५ मायक्रोमीटर लांब आणि सुमारे १ मायक्रोमीटर रुंद. ग्रॅम रंगात ऋण. अंगाच्या बाजूला कशाभिका, म्हणजे पोहता येणारा. बीजाणू दिसले नाहीत. एवढ्यावरून ओळख पटत नाही. वाकड्या पेशींचे, पोहणारे, सल्फाइड काढणारे जीवाणू तेलक्षेत्रात पुष्कळ आहेत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली हा डेसल्फोव्हिब्रिओ या सल्फेटवाल्या वंशाचा भाऊबंद म्हणून सहज खपला असता.

खरी ओळख सुरू होते ती वाढीच्या अटींपासून. एकाच द्रावणाच्या नळ्या वेगवेगळ्या तापमानांना, वेगवेगळ्या आम्लतेला आणि मिठाच्या वेगवेगळ्या प्रमाणात ठेवायच्या, रोज द्रावणाची गढूळता प्रकाशमापकाने मोजायची आणि वाढीचा वेग काढायचा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ‘हा इथलाच की पाहुणा’ या बॅस्टिनकालीन प्रश्नावरचा थोडाफार भरवशाचा पुरावा त्यातूनच मिळतो. गोड्या पाण्यात उत्तम वाढणारा आणि थोड्या मिठानेही गारद होणारा जीवाणू खाऱ्या साठ्यातला मूळ रहिवासी असण्याची शक्यता कमी. ४२०७ सर्वांत वेगाने वाढला तो ४२ अंश सेल्सियसला, सात सामूला आणि ३ टक्के मिठात. मिठाचे हे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या जवळचे आहे. म्हणजे तो साठ्यातलाही असू शकतो आणि समुद्राच्या पाण्याबरोबर आत शिरलेलाही. एवढ्या आकड्यांवरून याहून जास्त बोलता येत नाही.

मग आहार. इथे एक रूढ समज मोडतो. तेलविहिरीतला जीवाणू तेल खात असणार असे कुणालाही वाटेल. तेलातले हायड्रोकार्बन ऑक्सिजनशिवाय खाणारे जीवाणू आहेतही. जर्मनीतल्या फ्रीडरिश विडेल यांच्या गटाने १९९१ पासून ते दाखवले. पण तेलक्षेत्रांतून वेगळ्या केलेल्या विनॉक्सींपैकी बहुतेक तेलाला तोंडही लावत नाहीत. ४२०७ ला साखरा दिल्या, त्या त्याने घेतल्या नाहीत. मेदाम्ले दिली, तीही नाहीत. तो वाढला पेप्टाइडांवर आणि अमिनो आम्लांवर, म्हणजे प्रथिनांच्या तुकड्यांवर. विहिरीत प्रथिने येतात मुख्यतः मेलेल्या पेशींतून. इतरांच्या मढ्यांवर जगणारा असा हा जीव आहे.

अमिनो आम्लांच्या यादीत एक चमत्कारिक गोष्ट निघाली, आणि या जीवाणूचे सगळे चरित्र तिच्यात आहे. सेरीन आणि हिस्टिडीन तो एकट्याने आंबवू शके. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, अलानिन, ग्लुटामेट, आर्जिनिन, मेथिओनिन आणि अस्पॅराजिन मात्र द्रावणात थायोसल्फेट असेल तरच तो वापरी. थायोसल्फेट म्हणजे शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतला ‘हायपो’, जुन्या फोटो स्टुडिओंतही असायचा तोच. सल्फेट दिले तर काहीच फरक पडत नसे. थायोसल्फेट किंवा गंधक दिले की वाढीचा वेग, पेशींचे वजन आणि फस्त झालेली पेप्टाइडे, तिन्ही वाढत.

याचे कारण हायड्रोजनमध्ये आहे. ल्युसिनचा एक रेणू ऑक्सिजनशिवाय मोडला की आयसोव्हॅलेरेट, कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया यांच्याबरोबर हायड्रोजनचे दोन रेणू सुटतात. व्हॅलिनपासून आयसोब्युटिरेट होते आणि आयसोल्युसिनपासून २-मिथिलब्युटिरेट. घामट मोज्यांचा जो वास येतो तो याच कुळातल्या आम्लांचा, त्यामुळे असला संवर्ध उघडल्यावर हायड्रोजन सल्फाइडच्या जोडीला तोही दरवळतो. हे विघटन ऊर्जेच्या हिशेबाने अगदी काठावरचे आहे. भोवती हायड्रोजन साचला की ते थांबते आणि जीवाणू आपल्याच उत्सर्गात कोंडला जातो. थायोसल्फेट तो हायड्रोजन उचलते: थायोसल्फेटच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे चार रेणू खपतात आणि हायड्रोजन सल्फाइडचे दोन रेणू तयार होतात. संशोधकांनी नळीतल्या वायूचे विश्लेषण केले तेव्हा सल्फाइड चढताना आणि हायड्रोजन उतरताना दिसला. मुद्दाम हायड्रोजन भरून वाढ रोखली, तर थायोसल्फेट घालताच ती परत सुरू झाली.

सल्फेटवाल्यांशी तुलना केली की या सोयीची किंमत कळते. सल्फेटच्या एका रेणूमागेही हायड्रोजनचे चारच रेणू खपतात, पण सल्फाइड एकच निघते. शिवाय सल्फेट मुळात निष्क्रिय. त्याला आधी एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, खर्चून जागे करावे लागते. थायोसल्फेटला असा हप्ता द्यावा लागत नाही. तेवढ्याच हायड्रोजनमध्ये दुप्पट सल्फाइड काढणारा हा जीवाणू नळीच्या दृष्टीने जास्त धोक्याचा ठरावा यात नवल नाही. विहिरीत थायोसल्फेट येते कुठून, याचे उत्तर वरच्या यंत्रणेत आहे. पाण्यात आधीचा सल्फाइड असतो. पंप, टाक्या, सांधे यांतून थोडीशी हवा शिरली की त्याचे अर्धवट ऑक्सिडीकरण होऊन थायोसल्फेट बनते.

सल्फाइड मोजण्याची रीत साधी आहे. नळीतला थोडा द्रव तांब्याच्या आम्लयुक्त द्रावणात टाकतात. तांब्याच्या सल्फाइडचे बारीक कण तपकिरी रंग देतात आणि तो रंग लगेच, कण खाली बसण्याआधी, मोजून घ्यायचा असतो. आम्लांसाठी क्रोमॅटोग्राफ लागतो.

गंजाची परीक्षा वेगळी घ्यावी लागली, कारण गंजत्या विहिरीत सापडणे आणि गंज करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. शुद्ध संवर्धात मऊ पोलादाचे तुकडे ठेवून पाहिले तेव्हा त्यांच्यावर खड्डे पडले. पृष्ठभाग सरसकट झिजला असता तर एक वेळ चालले असते. या गंजाची खोड अशी की तो एका ठिकाणी टोचत खोल जातो. खोलीचा सर्वांत जास्त वेग वर्षाला ४ मिलिमीटर भरला. १० मिलिमीटर जाडीची नळी या वेगाने अडीच वर्षांत आरपार होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती तोवर धडधाकट दिसत असते. जीवाणूंचा थर बसतो तिथे धातूजवळचे रसायन भोवतालापेक्षा वेगळे होते. लोहाच्या सल्फाइडचा काळा पापुद्रा विजेचा वाहक असल्याने मोठे क्षेत्र विद्युतघटाच्या एका बाजूचे, तर थराखालचा छोटा ठिपका दुसऱ्या बाजूचे टोक बनतो, आणि सगळा विद्युतप्रवाह त्या ठिपक्यातून लोह काढत राहतो.

उरला कुळाचा प्रश्न. कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये घालून दिलेल्या वाटेने आज प्रत्येक नवा जीवाणू रायबोसोममधल्या १६एस आरएनएच्या जनुकावरून ताडला जातो. हे जनुक सुमारे १,५०० अक्षरांचे असते आणि इतके सावकाश बदलते की अब्जावधी वर्षांपूर्वी फुटलेल्या शाखाही त्यात जुळवता येतात. त्या काळच्या दंडकानुसार दोन जीवाणूंच्या या जनुकात ९७ टक्क्यांहून कमी साम्य असेल तर त्यांच्या जाती वेगळ्या. ४२०७ चे साम्य ज्ञात वंशांपैकी थर्मोअनेरोबॅक्टरशी निघाले तेही अवघे ८३ टक्के. इतक्या दूरच्याला कुठल्याच जुन्या वंशात बसवता येईना, म्हणून नवा वंश करावा लागला. नाव ठेवले डेथायोसल्फोव्हिब्रिओ पेप्टिडोव्होरान्स, म्हणजे थायोसल्फेट आणि गंधक मोडणारा, पेप्टाइडे फस्त करणारा वाकडा जीव. आदर्श संवर्ध जर्मनीच्या राष्ट्रीय संग्रहात डीएसएम ११००२ या क्रमांकाने ठेवला गेला. आताच्या नियमांनुसार तो दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो, नाहीतर नाव ग्राह्य धरले जात नाही. अशा ठेवींची भारतातली एक मोठी जागा पुण्यात आहे: राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र.

वंशाचे नाव पडले तरी त्याचे घराणे ठरायला आणखी बारा वर्षे गेली. २००९ मध्ये सिनर्जिस्टीट्स हा स्वतंत्र संघ मांडला गेला आणि हा जीवाणू त्यात गेला. या संघाला ज्याच्यामुळे नाव मिळाले तो सिनर्जिस्टिस जोन्सी शेळ्यांच्या पोटातला आहे. सुबाभळीच्या पाल्यातल्या मिमोसिनपासून पोटात जे विष तयार होते, ते तो मोडतो. हवाईतल्या शेळ्यांना हा पाला का बाधत नाही, याचा छडा ऑस्ट्रेलियाच्या रेमंड जोन्स यांनी लावला होता आणि १९९२ च्या वर्णनात जीवाणूला त्यांचे नाव मिळाले. उरुळी कांचनच्या बायफ या संस्थेने सुबाभळीचा प्रसार केला तेव्हा जनावरांना हा पाला किती घालावा याची जी चर्चा गोठ्यागोठ्यांत होई, तिच्या मुळाशी हेच विष होते. काँगोच्या समुद्रातला नळी पोखरणारा आणि शेळीच्या पोटातला विषहारी, दोघेही अमिनो आम्लांवर जगणारे आणि एकाच संघातले.

नंतर या वंशात आणखी जाती आल्या. रशियन संशोधकांनी २००१ मध्ये खाऱ्या पाण्यातल्या गंधकाची साय धरलेल्या थरांतून तीन जाती वर्णिल्या. २०१० मध्ये कोलंबियातल्या जमिनीवरच्या खाऱ्या झऱ्यातून एक. वंशाचे खरे घर तेलविहीर नसून खारे, गंधकयुक्त, हवाबंद पाणी आहे, हे त्यावरून दिसते. त्याच २०१० मध्ये डेथायोसल्फोव्हिब्रिओ पेप्टिडोव्होरान्सचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला: एकच गुणसूत्र, २५,७६,३५९ अक्षरे, प्रथिनांची २,४५८ जनुके.

उद्योगाला या वर्णनाचा थेट उपयोग झाला. क्रोले आणि मागो यांनी १९९६ मध्येच सल्फेटवाचून सल्फाइड काढणाऱ्या जीवाणूंकडे तेलवाल्यांचे लक्ष वेधले होते. याच गटाने काँगोच्या तेलक्षेत्रातून थायोसल्फेट वापरणारा, मिठात रमणारा हॅलोअनेरोबियम काँगोलेन्स आणि एमरूद क्षेत्राचे नाव मिरवणारा स्पायरोकीटा स्मॅरॅग्डिनी असे इतरही जीवाणू वर्णिले. अशा जीवाणूंना पकडायचे तर लॅक्टेट आणि सल्फेटची बाटली पुरत नाही; पेप्टाइडे आणि थायोसल्फेट असलेले द्रावण सोबत ठेवावे लागते. जनुकांवरच्या नव्या चाचण्यांनाही हीच अडचण आहे, कारण सल्फेटवाल्यांचे खास जनुक हुडकणारी चाचणी सल्फेट न वापरणाऱ्याला पकडेलच असे नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरही या प्रश्नाचे धागे आहेत. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या फलाटाने १९७४ मध्ये शोधलेल्या बॉम्बे हाय या तेलक्षेत्रात साठ्याचा दाब टिकवण्यासाठी समुद्राचे पाणी आत ढकलले जाते. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते, आणि जिथे जिथे असे पाणी भरतात तिथे सल्फाइडवर नजर ठेवावीच लागते. जीवाणूंचा उपयोग करून घेण्याची उलटी बाजूही इथल्या प्रयोगशाळांनी हाताळली आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ओएनजीसीसाठी उष्णतेत वाढणाऱ्या विनॉक्सी जीवाणूंवर काम केले. हेतू हा की त्यांनी खडकात आम्ले, वायू आणि फेसाळ द्रव्ये तयार करावीत आणि अडकून बसलेले तेल मोकळे व्हावे. अशा वेळी विहिरीत सोडायच्या जीवाणूची आधी पुरती ओळख करून घ्यावी लागते, आणि तो थायोसल्फेटपासून सल्फाइड काढतो का, हे त्या परीक्षेत पाहणे भागच असते.

अमेरिकेतल्या शेल वायूच्या विहिरींत हा प्रश्न पुन्हा उपटला. पाण्याच्या दाबाने खडक फोडल्यानंतर वर येणाऱ्या अतिखाऱ्या पाण्यात काही महिन्यांतच हॅलोअनेरोबियमचे जीवाणू बहुसंख्य होतात, आणि काँगोत प्रथम सापडलेली त्याची जात तिथेही मिळाली. तेही सल्फेट वापरत नाहीत. थायोसल्फेट मिळाले की सल्फाइड काढतात.